किटलीखालची फुलं

शिनासी बेंचा गुडघा दुखायला लागला नसता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. आता गुडघा दुखला तर माणसानं डॉक्टरकडे जावं. पण उस्कुदारच्या त्या चढावरच्या मोहल्ल्यात डॉक्टरचा नंबर तिसरा लागतो. पहिला शेजाऱ्यांचा, दुसरा करनफिल देदेंचा. शेजाऱ्यांनी गुडघ्याला कोबीची पानं बांधायला सांगितली. ती बांधून शिनासी बे आठवडाभर भरल्या कोबीसारखे फिरले, आणि गुण आला तो एवढाच, की घरात शिरताना बायको विचारायची, "आज मी तर कोबी केला नाही, मग हा वास कुठून येतोय?" मग राहता राहिले देदे.

करनफिल देदे म्हणजे कुणी थोर सत्पुरुष. ते कधी होऊन गेले हे कुणाला माहीत नाही, पण कुठे गेले हे सगळ्यांना माहीत आहे. मशिदीमागच्या छोट्या घुमटाखाली, हिरव्या कापडाच्या समाधीत. दारावर सरकारी पाटी आहे: नवस बोलू नये, चिंध्या बांधू नये, भिंतीला खडे चिकटवू नयेत. चिंध्या बांधायला दुसरी सोयीची जागा नसल्यामुळे लोक त्या पाटीलाच बांधतात.

शिनासी बे वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. जी गोष्ट मोजता येत नाही तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि नवस काही मोजता येत नाही. पण गुडघा तत्त्वज्ञान ऐकत नाही. ते आत जाऊन गालिच्यावर बसले, मनातल्या मनात गुडघ्याचं गाऱ्हाणं घातलं आणि उठायला गेले तर उठताच येईना! बोलवावं तर कुणाला? खात्यातला निवृत्त अधिकारी 'मला उठवा हो' म्हणून ओरडतोय हे बरं दिसलं नसतं. तेव्हा आपण चिंतन करतोय असा चेहरा करून ते भिंतीकडे बघत बसले. जन्म त्या मोहल्ल्यात गेला, पण ती भिंत त्यांनी बघितली अशी त्या दिवशीच.

आणि काय भिंत होती! पांढऱ्याशुभ्र टाइल्सवर गर्द निळी पानं, लपकन वळलेली, दातेरी कडांची. मधूनमधून फिरोजी वेली. आणि त्यांवर लालभडक कार्नेशन, पंख्यासारखी उघडलेली. तो लाल रंग नुसता रंगवलेला नव्हता, बोटाला लागेल असा वर उचललेला होता, जणू रंगाऱ्यानं नुकताच ब्रश उचलला आणि चहा प्यायला गेला. एका टाइलवर अर्धं फूल, शेजारच्या टाइलवर उरलेलं अर्धं. देठ इथून निघायचा आणि तिथे पोचायचा. चारशे वर्षं भिंतीवर वसंत ऋतू चालू होता आणि कुणी शिनासी बेंना कळवलंही नव्हतं.

मधेच एक टाइल नव्हती. रिकामा चौकोन. आतला गिलावा तेल लावल्यासारखा गुळगुळीत. चारी बाजूंनी देठ यायचे, अर्धी फुलं यायची आणि त्या कडेशी येऊन थबकायची. शिनासी बेंनी सवयीनं नजरेनं माप घेतलं. वीतभर आणि वर थोडं.

"अरे!" ते करनफिल देदेंना म्हणाले, "ही तर आमच्या किटलीखाली आहे!"

आणि ते ताडकन उठले. गुडघा दुखतोय हे ते विसरले होते की देदेंनी खरंच ऐकलं होतं, यावर मोहल्ल्यात आजही दोन तट आहेत.

घरी नाझिफे हानम चहा ओतत होत्या. दुमजली किटली टेबलावर होती आणि तिच्याखाली लग्नापासून जी होती ती टाइल होती. चुलीवरून उतरवलेली गरम किटली टेबलक्लॉथवर ठेवायची नाही, टाइलवर ठेवायची, हा त्या घरातला एकमेव नियम जो कधी मोडला गेला नव्हता. शिनासी बेंनी बुटांसकट आत येऊन टाइल खालून खेचली. टाइल हातात आली. किटली नव्या टेबलक्लॉथवर आडवी झाली.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? आणि बूट!"

"अगं, बूट राहू दे! हे बघ!" त्यांनी टाइल बाहीनं पुसली. वर्षानुवर्षांचा चहाचा डाग निघाला आणि खालून निळी पानं, फिरोजी वेल आणि अर्धं लाल कार्नेशन वर आलं. शिनासी बेंनी त्यावर बोट फिरवलं. लाल रंगाचा उंचवटा बोटाला लागला. "नाझिफे, ही देदेंच्या भिंतीतली आहे. मी आत्ता तिची जागा बघून आलो. देठ असा येतो, आणि इथे बरोबर... अगं, चारशे वर्षांची वस्तू आहे, आणि आपण तिच्यावर चहा उकळला!"

त्यांना वाटलं होतं बायको आनंदानं टाळ्या पिटेल. नाझिफे हानम मटकन खुर्चीत बसल्या.

"ती आईनं दिलीय," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नाच्या पेटीतून आलीय."

टेबलाच्या कडेवरून चहा थेंबथेंब गळत होता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. जुने दानशूर लोक मोठे धोरणी. देवाच्या कामाला इमारत दान करायची, आणि दानपत्राच्या शेवटी एक सणसणीत शाप घालून ठेवायचा: या वास्तूतली वस्तू जो उचलेल त्याच्यावर अल्लाचा, फरिश्त्यांचा आणि यच्चयावत माणसांचा कोप होवो. कुलूप फोडता येतं, शाप फोडता येत नाही. उस्कुदारमध्ये माणूस एक वेळ बँक लुटेल, पण धर्मादाय वास्तूतला खिळा उचलणार नाही.

"म्हणजे माझी आई चोर?" नाझिफे हानमनी विचारलं. सेनिहा हानम, त्यांच्या मातोश्री, मोहल्ल्यात सचोटीसाठी प्रसिद्ध होत्या. बाजारात दुकानदार चुकून एक लिंबू जास्त घालायचा, तर ते परत द्यायला त्या चढ उतरून जायच्या. नाझिफे हानम आयुष्यभर हे लिंबू लोकांच्या डोळ्यांपुढे नाचवत आल्या होत्या.

"तसं कोण म्हणतंय?"

"सगळे म्हणतील! तरीच मी म्हणते, आपल्या तुर्गायचा साखरपुडा दोनदा का मोडला! तरीच वॉशिंग मशिन गळतंय! तरीच तुमचा गुडघा!"

"गुडघा आता बरा आहे गं."

"तो शाप दुसऱ्या गुडघ्यात गेला असेल! शिनासी, ती टाइल आजच्या आज परत जायला हवी. आणि आईचं नाव कुठेही निघता कामा नये. निघालं तर मी या मोहल्ल्यात तोंड दाखवणार नाही."

आता परत करायची, पण गुपचूप. चोरी करणाऱ्याला जितकी अक्कल लागते त्याच्या दुप्पट चोरीचा माल परत करणाऱ्याला लागते, हे शिनासी बेंना तोवर माहीत नव्हतं.

ते कॉफीखान्यात गेले आणि अत्यंत चातुर्यानं म्हणाले, "माझा एक मित्र आहे. इथला नाही, अंकाराचा. त्याच्याकडे एक जुनी टाइल आहे."

औषधवाले गालिप बे शेगडीजवळच्या मानाच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढला. "कुठली टाइल?"

"फुलांची. म्हणजे मित्र तसं म्हणतो."

"तुमच्या मित्राला सांगा, तोंडातून अवाक्षर काढू नकोस," गालिप बे घाईघाईनं म्हणाले. "पोलीस येतील, पेपरवाले येतील. जिथे आहे तिथे असू दे. वर काहीतरी झाकून ठेव म्हणावं."

"छे छे!" रिफ्की न्हावी म्हणाला. "पापाचं ओझं घरात ठेवायचं का? पिशवीत घालावी, दाराशी ठेवावी आणि पळावं. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही."

खालच्या मजल्यावरच्या पेरिहान हानम संध्याकाळी जिन्यात भेटल्या. मोहल्ल्यात बातमी पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती पेरिहान हानमकडून परत निघालेली असते. "शिनासी बे, तुमच्या अंकाराच्या मित्राला सांगा, फेरीबोटीवरून समुद्रात टाक. समुद्र कुणाचं नाव विचारत नाही."

शिनासी बेंना एका गोष्टीचं नवल वाटलं. एरवी हे लोक लोणच्यात मीठ किती घालावं यावर तासभर भांडतात. आज प्रत्येकाचा सल्ला तयार होता, जणू पूर्वीच विचार करून ठेवलेला. पण ते उत्साहात होते, आणि उत्साही माणसाला नवल फार वेळ वाटत नाही.

सरळमार्गी माणूस म्हणून ते आधी जुन्या वास्तूंच्या कचेरीत गेले. कारकून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.

"समजा," शिनासी बे म्हणाले, "समजा एखाद्याला एखाद्या भिंतीतली टाइल परत करायची आहे."

"कुठली भिंत?"

"करनफिल देदेंची. समजा."

कारकून आत जाऊन आला. "ती भिंत पूर्ण आहे."

"नाही, एक चौकोन रिकामा आहे. मी डोळ्यांनी बघितला."

"तुम्ही बघितला असेल. आमच्याकडे भिंत पूर्ण आहे. आता पूर्ण भिंतीत तुम्ही आणखी एक टाइल आणलीत तर ती जास्त होईल. जास्तीची टाइल आली कुठून, हे मला विचारावं लागेल."

"मग आधी एक कमी आहे असं लिहा."

"तसं लिहिलं तर चोरी झाली असं होईल. चोरी झाली तर चोर लागेल." कारकुनानं एक बी दातांत फोडली आणि त्यांच्याकडे आपुलकीनं बघितलं. "तुम्ही चांगल्या घरचे दिसता. जा ना घरी."

अख्खी हयात सरकारी नोकरीत काढलेल्या शिनासी बेंना पहिल्यांदाच कळलं, की टेबलाच्या या बाजूला बसल्यावर कसं वाटतं. ते उठले. अपमान गिळताना सोबत कारकुनानं दिलेल्या चार बियाही गिळल्या.

मग रिफ्कीचा सल्ला. टाइल ओढणीत गुंडाळून पिशवीत घातली, पिशवी देदेंच्या खिडकीखाली ठेवली, इकडेतिकडे बघितलं आणि निघाले. पळायचं होतं, पण या वयात पळणारा माणूस जास्त उठून दिसतो म्हणून भरभर चालले. घरी येऊन बूट काढतात तोच बेल वाजली. दारात रिफ्की, धापा टाकत.

"बे, पिशवी विसरलात!"

"पिशवी? कुठली पिशवी?"

"अहो, ही निळ्या पट्ट्यांची. अख्खा मोहल्ला ओळखतो. वजनदार आहे हो, मासे आहेत की काय?"

"अरे, पण तूच..." शिनासी बे बोलता बोलता थांबले. अंकाराच्या मित्राची पिशवी उस्कुदारमध्ये कशी, हे सांगता आलं नसतं. त्यांनी पिशवी घेतली, वर रिफ्कीचे आभार मानले, आणि त्याला चहाही पाजावा लागला. किटली टेबलावर थेट ठेवल्यामुळे टेबलक्लॉथला आता भोकही पडलं.

राहिला समुद्र. फेरीबोट मध्यावर आल्यावर शिनासी बे कठड्याशी गेले आणि टाइल बाहेर काढली. ऊन पडलं होतं. आणि त्या उन्हात ते लाल कार्नेशन असं काही पेटलं, की त्यांचे हात थिजले. कुणीतरी एकानं कधीतरी जीव ओतून हे रंगवलं होतं. हे फूल अर्धं होतं, आणि त्याचं दुसरं अर्धं अजून वाट बघत होतं. शिनासी बेंच्या डोळ्यांत पाणी आलं. छातीशी काहीतरी कवटाळून, कठड्यावर वाकून रडणारा म्हातारा पाहिल्यावर प्रवाशांनी जे करायचं ते केलं.

"आजोबा, नका हो! जीव काही इतका स्वस्त नाहीये!" एकानं त्यांना कमरेला धरलं. दुसऱ्यानं पाय धरले. एका बाईंनी त्यांना सिमित नावाचं तिळाचं कडबोळं खाऊ घातलं आणि आपल्या नवऱ्याची गोष्ट सांगितली, जी शिनासी बेंच्यापेक्षा खरोखरच वाईट होती. दोघे जण त्यांना पार घरापर्यंत सोडायला आले आणि नाझिफे हानमना बजावून गेले, "आज्जी, यांना जपा. यांच्याशी गोड बोला."

नाझिफे हानम त्यांच्याशी दोन दिवस बोलल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुमच्याच्यानं चोरीही व्हायची नाही आणि परतही करवायची नाही."

हे मात्र शिनासी बेंना लागलं. त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून गिलावा आणला, थापी आणली. आता मध्ये न्हावी नको, समुद्र नको, सरकार नको. सकाळी देदेंकडे कुणी नसतं. जायचं, लावायची, यायचं. फक्त एक चूक झाली. निवृत्त माणसाला वार कळत नाही. त्यांनी निवडलेली सकाळ गुरुवारची होती.

आत शिरले तेव्हा खरंच कुणी नव्हतं. त्यांनी गिलावा कालवला, रिकाम्या चौकोनात थापला, आणि टाइल उचलणार इतक्यात दार उघडलं. पेरिहान हानम आत आल्या, त्यांच्यामागे गल्लीतल्या साऱ्या बायका, आणि सर्वांत मागे, डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढलेल्या, खुद्द नाझिफे हानम.

"हाय अल्ला!" पेरिहान हानम किंचाळल्या. "हा माणूस नवसाची जागा लिंपतोय!"

शिनासी बेंना तेव्हा कळलं, की तो गिलावा गुळगुळीत कशानं झाला होता. दर गुरुवारी मोहल्ल्यातल्या बायका त्या चौकोनात तळहात टेकवून नवस बोलत होत्या. कित्येक वर्षं. घरच्या पुरुषांना पत्ता नव्हता.

"माझ्या पोरीला नवरा मिळाला तो या जागेमुळे!"

"माझ्या भावाला नोकरी लागली!"

"शिनासी बे, तुम्हाला घरी काही काम नाही का हो?"

"तुर्गायच्या लग्नासाठी मी आजच हात ठेवणार होते," मागून नाझिफे हानम रडवेल्या आवाजात म्हणाल्या. नवरा इथे सापडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. नवऱ्यालाही वाटलं नव्हतं.

गलका ऐकून यासिन होजा धावत आले. नुकतेच बदलून आलेले तरुण इमाम, अजून सगळ्यांची नावंही पाठ झाली नव्हती. रिफ्की गळ्यात टॉवेल घेऊन आला, त्याच्यामागे अर्धी दाढी केलेले गालिप बे. आता पळायलाही वाट नव्हती. वजनमापं खात्याचा माजी अधिकारी हातात थापी घेऊन, पायजम्यावर गिलावा सांडून, मोहल्ल्यासमोर उभा होता. आणि अशा वेळी माणूस एकच करू शकतो. शिनासी बेंनी टाइल उचलली आणि चौकोनात बसवली.

टाइल बसली. अशी बसली की केसभर फट राहिली नाही. उजवीकडून आलेला देठ पुढे गेला, वरून आलेलं निळं पान वळलं, आणि दोन अर्धी कार्नेशन्स मिळून एक झाली. सगळी भिंत एकदम श्वास घेतल्यासारखी झाली. बायका भांडण विसरून पुढे सरकल्या. होजांच्या तोंडून "सुभानल्ला" बाहेर पडलं. आयुष्यभर शिनासी बेंनी लोकांची मापं तपासली होती, पण इतकं बरोबर माप त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"कुठे मिळाली ही?" होजांनी हळूच विचारलं.

नाझिफे हानमचा रुमाल आता नाकापर्यंत आला होता. शिनासी बेंनी घसा साफ केला. "अंकाराचा माझा एक मित्र..."

"बसली तर त्यात काय मोठंसं!" पेरिहान हानम एकदम फणकारल्या. त्यांना कुणाची वाहवा झालेली सोसत नसे. "माझीसुद्धा तिथे अश्शीच बसेल!"

बोलून गेल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पण बाण सुटला होता.

"तुमची?" होजा म्हणाले.

"म्हणजे... माझ्या सासूची. लोणच्याच्या बरणीवर ठेवतो आम्ही. लोणचं वर येऊ नये म्हणून." आणि मग बांधच फुटला. "अहो, सासूबाई सांगायच्या, पूर्वी इथलं छत गळत होतं, तेव्हा ती समाधीच्या पायांकडची भिंत उतरवली होती. टाइल्स अंगणात रचून ठेवल्या होत्या. दुरुस्ती काही होईना. मग म्हणे एकीनं बरकत म्हणून एक नेली..."

"माझ्या वडिलांनी नेली होती," गालिप बे अर्ध्या दाढीनं पुटपुटले. "औषधं खलायच्या खलाखाली ठेवतो. मी तरी काय करणार? परत कशी करायची तेच कळेना."

"माझ्याकडे साबणाखाली आहे," रिफ्की म्हणाला. "मी एकदा पिशवीत घालून इथे ठेवली होती. गालिप बेंनी परत आणून दिली."

होजांनी समाधीच्या पायांकडच्या भिंतीवरचा हिरवा पडदा बाजूला केला. मागे अख्खी भिंत कोरी होती. नुसता गिलावा.

मग जे झालं ते सांगायला मोहल्ला आजही थकत नाही. लोक धावले! चढावर धावले, उतारावर धावले, चपला घालून धावले आणि न घालता धावले. किटल्यांखालून, बरण्यांवरून, कुंड्यांखालून, एका कबुतराच्या खुराड्याच्या पायरीवरून टाइल्स निघाल्या. कुणी धुऊन आणल्या, कुणी तशाच लोणच्याच्या वासासकट. होजांनी गालिच्यावर चादर अंथरली, आणि तिच्यावर निळी पानं, फिरोजी वेली, लाल कार्नेशन्स एकमेकांना भेटत गेली. "ही इकडे! नाही, देठ बघा, ही तिकडे!" म्हणून म्हातारेकोतारे गुडघे विसरून रांगत होते. ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांची नजर चुकवली होती, ते एकमेकांच्या हातांतून फुलं घेत होते. बायकांनी मात्र एक अट घातली: भिंत खुशाल भरा, पण आमचा चौकोन तसाच राहिला पाहिजे. नक्षी पुन्हापुन्हा तीच येत होती, तेव्हा शिनासी बेंनी अजून ओला असलेला गिलावा खरवडून आपली टाइल पुन्हा काढली आणि चादरीवर सगळ्यांच्या मधे ठेवली.

नाझिफे हानम कोपऱ्यात उभ्या होत्या. रुमाल हळूहळू नाकावरून कपाळावर, कपाळावरून मागे सरकला होता. तेवढ्यात पेरिहान हानम परत आल्या. त्यांनी ॲप्रनची झोळी केली होती आणि ती चांगलीच लोंबत होती. त्या चादरीशी वाकल्या, इकडेतिकडे बघितलं आणि एक टाइल खाली ठेवली. मग दुसरी ठेवली. मग मान खाली घालून तिसरी.

नाझिफे हानम बघत राहिल्या. मग त्यांनी रुमाल पार सोडला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याचा हात चारचौघांत धरला.

"अहो, बघितलंत का?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत पोचला असेल. "माझ्या आईनं एकच घेतली होती! एकच!"